शोकांतिका शिकताना: आधी रंगमंच, मग नोट्स

एम.ए.ला इंग्रजी शोकांतिका लागल्या की बहुतेक मुलं थेट ॲरिस्टॉटलच्या नोट्सना हात घालतात. नायक थोर, त्याच्यात एक दोष, दोषामुळे पतन, शेवटी कॅथार्सिस, म्हणजे भय-करुणेचा निचरा. हे चार मुद्दे शेक्सपिअरच्या मॅकबेथला लागतात, लिअरला लागतात, ओढूनताणून मार्लोच्या फॉस्टसलाही लागतात. म्हणूनच ते फारसे उपयोगाचे नाहीत. हा विषय मी शिकलो, आता बरीच वर्षं शिकवतोय, आणि नव्या मुलांना एकच सांगतो: ही नाटकं ज्या रंगमंचासाठी लिहिली गेली, तो आधी डोळ्यांपुढे आणा. सिद्धांत मागाहून वाचला तरी चालतो.

जेम्स बर्बेजनं १५७६ साली लंडनच्या शोरडिच भागात ‘द थिएटर’ हे नाट्यगृह बांधलं. त्याचंच लाकूड वापरून १५९९ मध्ये थेम्सपलीकडे शेक्सपिअरच्या मंडळींचं ग्लोब उभं राहिलं. मध्ये उघडं आकाश, प्रयोग दुपारचा, उभ्यानं बघायचे पैसे एक पेनी. आणि दर्शनी पडदा नाही.

या न-पडद्याचा जरा विचार करा. मेलेला नट सगळ्यांदेखत उठून आत गेला तर शोकांतिकेचा फार्स होईल. म्हणजे प्रेतं हलवायची सोय नाटककारानं संहितेतच करायला हवी. ‘हॅम्लेट’च्या शेवटी नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास चार कप्तानांना हॅम्लेटचं शव उचलायला सांगतो, तोफा सुटतात, रंगमंच रिकामा होतो. लष्करी इतमाम दिसतो आणि व्यवस्थापनाचा प्रश्नही सुटतो. ‘ऑथेल्लो’त मृतदेह पलंगावर आहेत, तिथं लोडोविको म्हणतो, हे बघवत नाही, झाका. परीक्षेत शोकांतिकेच्या शेवटावर प्रश्न आला तर कॅथार्सिसची व्याख्या घोकून लिहिण्यापेक्षा एवढं लिहा, तपासणारा जागा होईल.

दुसरं उदाहरण ‘मॅकबेथ’च्या दुसऱ्या अंकातलं, दुसरा प्रवेश. राजा डंकनचा खून आत झालाय, मॅकबेथ बाहेर येतो, समोर त्याची बायको. आवाज ऐकलास? घुबड ओरडलं, रातकिडे ओरडले. तू बोललास ना काही? कधी? आत्ता. खाली येताना? हं. ग्लोबमध्ये हे भर दुपारी चालायचं. अंधार करायला दिवे नाहीत, तर तो शब्दांनीच करायचा, आणि एकेका शब्दावर तुटणाऱ्या ओळींतून दोघांचा धपापता श्वास ऐकवायचा. हा प्रवेश मैत्रिणीला किंवा मित्राला समोर बसवून मोठ्यानं वाचा. मनात वाचून तो कळत नाही, निदान मला तरी कळला नव्हता.

खून आत का, हे विचारलंत की इतिहासाचं दार उघडतं. १५६२ मध्ये राणीपुढे झालेल्या ‘गोर्बोडक’ या शोकांतिकेवर रोमन नाटककार सेनेकाची छाप होती, हत्या सांगण्यातून कळतात. मग किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’त प्रेत रंगमंचावरच लटकतं, आणि ‘किंग लिअर’मध्ये ग्लॉस्टरचे डोळे सगळ्यांसमोर काढले जातात. म्हणजे ‘मॅकबेथ’मध्ये खून आत ठेवणं ही नाटककाराची निवड आहे, नाइलाज नव्हे.

वाचनाची सुरुवात ‘मॅकबेथ’नंच करा, शेक्सपिअरच्या शोकांतिकांत ते सर्वांत छोटं. मग ‘डॉक्टर फॉस्टस’, मग वेबस्टरचं ‘द डचेस ऑफ माल्फी’. ‘हॅम्लेट’ त्यानंतर. मराठी माध्यमातून आलेल्यांनी भाषेचा बाऊ करू नये. फोल्जर ग्रंथालयाच्या संहिता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. जोडीला देवलांचा ‘झुंझारराव’ (१८९०, ‘ऑथेल्लो’वरून) किंवा शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ (‘मॅकबेथ’वरून) वाचा, पण मूळ नाटक एकदा वाचून झाल्यावर. गाइड म्हणून वापरलेत तर दोन्हीकडची मजा जाईल.

नेट-सेटवाल्यांना १६४२ (नाट्यगृहं बंद) आणि १६६० (पुन्हा सुरू, आता स्त्रियाही रंगमंचावर) ही सालं पाठ असतात. पण त्यानंतर काय झालं ते चवीनं वाचा. नॅहम टेटनं १६८१ मध्ये ‘लिअर’ सुखान्त केलं: लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया जगते, ग्लॉस्टरचा मुलगा एडगरशी तिचं जमतं. लोकांनी ते दीडशे वर्षं आनंदानं पाहिलं. १८३८ मध्ये नट मॅक्रेडीनं टेटला वगळून शेक्सपिअरचं मूळ नाटक परत आणलं. दोषामुळे पतन अटळ असतं, हे त्या प्रेक्षकांना कुणी सांगितलं नव्हतं बहुधा.

पुस्तक विकत घेताना आर्डन किंवा न्यू केंब्रिज घ्या, तळटीपांसाठी. आणि संपादकानं कोणती छापील प्रत पायाला घेतलीय ते प्रस्तावनेत बघा. ‘लिअर’च्या १६०८ च्या क्वार्टोत (सुट्या नाटकाची छापील प्रत) शेवटचं बोलणं लिअरचा जावई अल्बनीच्या तोंडी आहे, १६२३ च्या फोलिओत (नाटकांचा एकत्रित ग्रंथ) एडगरच्या. राज्य पुढे कोण चालवणार, याचं उत्तर त्यावर हलतं, आणि वर्गात कुणाकडे कुठली आवृत्ती आहे यावरून चांगली खडाजंगी होते.