सरकारविरुद्धचा कागद कुणाच्या दारात? महाधिवक्ता, सरकारी वकील आणि डीसी कचेरी

खानापुरात रस्त्याला जमीन गेली, निपाणीत उताऱ्यावर भलतेच नाव चढले, बेळगावात शाळेच्या मान्यतेची फाईल अडकून पडली, की कट्ट्यावरचा एखादा जाणकार हमखास सांगतो, "थेट ॲडव्होकेट जनरलला पत्र टाका." पत्र जाते, पोस्टाची पोच येते आणि पुढे काहीच हलत नाही. हलणारही नाही. ॲडव्होकेट जनरल म्हणजेच महाधिवक्ता, आणि तो राज्य सरकारचा वकील. तुमच्या गाऱ्हाण्यावर निवाडा करणे किंवा तुम्हाला सल्ला देणे त्याच्या कामात बसत नाही. तरीही काही ठिकाणी त्याच्या कार्यालयाशी गाठ पडतेच, आणि तिथे चुकलेला कागद महिनोन्‌महिने मागे नेतो.

हा माणूस येतो कुठून

राज्यघटनेच्या कलम १६५ नुसार राज्यपाल महाधिवक्त्याची नेमणूक करतात. पात्रता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची : भारताचा नागरिक आणि उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली, किंवा दहा वर्षे न्यायिक पद. परीक्षा नाही, मुलाखत नाही, ठरलेली मुदतही नाही. वयाची अट न्यायाधीशाला आहे, महाधिवक्त्याला नाही. नागपूर उच्च न्यायालयाने १९५२ मध्ये टी. एल. शेवडे यांच्या नेमणुकीच्या खटल्यात हे स्पष्ट केले.

कागदावर राज्यपाल, प्रत्यक्षात मंत्रिमंडळ. पद 'राज्यपालांची मर्जी असेपर्यंत' असते, म्हणून सरकार पडले की महाधिवक्ताही बदलतो. २०२३ मध्ये कर्नाटकात सत्ता बदलली तेव्हा प्रभुलिंग नावदगी यांच्या जागी शशिकिरण शेट्टी आले. यात गैर काही नाही. अशील बदलला तर वकील बदलणारच. अमेरिकेतल्या बातम्या वाचून 'ॲटर्नी जनरल सरकारला जाब विचारतो' असा समज झालेला असतो. तिथे ५० पैकी ४३ राज्यांत तो थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, त्यामुळे त्याचा बाज वेगळा. आपल्याकडे ॲटर्नी जनरल म्हणजे केंद्राचा वकील, कलम ७६ खालचा.

कलम १७७ मुळे महाधिवक्त्याला विधानसभेत आणि विधान परिषदेत बोलता येते, मत देता येत नाही. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते तेव्हाही हाच नियम.

त्याच्या हाताखाली अतिरिक्त महाधिवक्ते, अतिरिक्त सरकारी वकील (कोर्टाच्या बोलीत 'एजीए') आणि उच्च न्यायालयातले सरकारी प्लीडर ('एचसीजीपी') असतात. ही पदे घटनेतली नाहीत, सरकारच्या नियमांतली आहेत. तुमच्या प्रकरणात उभा राहणारा बहुधा यांच्यापैकीच कुणीतरी असतो.

दिवाणी दाव्याआधीची नोटीस

सर्वांत जास्त चुका इथे होतात. राज्य सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आधी द्यावी लागते, आणि ती महाधिवक्त्याला द्यायची नसते. ती जाते सरकारच्या सचिवाला किंवा जिल्ह्याच्या कलेक्टरला, म्हणजे आपल्याकडे डीसींना. तहसीलदारासारख्या अधिकाऱ्याने पदावरून केलेल्या कृत्यावर त्यालाही प्रतिवादी करणार असाल तर त्याच्या नावाची वेगळी नोटीस त्याच्या कार्यालयात द्या.

रेल्वेचे प्रकरण असेल तर नोटीस त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकाला, म्हणजे आपल्या भागासाठी हुबळीला नैऋत्य रेल्वेच्या मुख्यालयात. महापालिका, हेस्कॉम (वीज कंपनी), बुडा (नगरविकास प्राधिकरण) यांचे वकील वेगळे, नोटिशीचे नियमही वेगळे. त्यांना राज्य सरकार समजून कलम ८० लावू नका.

नोटिशीत चार गोष्टी हव्यातच : दाव्याचे कारण, दावा लावणाऱ्याचे नाव आणि वर्णन, राहण्याचे ठिकाण, आणि नेमकी मागणी. 'योग्य तो न्याय मिळावा' ही मागणी नव्हे. 'सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा तमुक, फेरफार रद्द करून माझे नाव लावावे' ही मागणी. नोटीस हाताने दिलीत तर डीसी कचेरीच्या टपाल विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टपालाने पाठवलीत तर पोचपावती जपून ठेवा. दोन महिने पाठवल्यापासून नव्हे, मिळाल्यापासून मोजतात.

नोटीस १० जानेवारीला पोहोचली तर दावा ११ मार्चला किंवा नंतर. 'सरकार तसेही उत्तर देत नाही, मग थांबायचे कशाला' म्हणून आठ दिवस आधी लावलेला दावा टिकत नाही. बिहारी चौधरी विरुद्ध बिहार राज्य या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले. दावा लावायची मुदत संपेल अशी धास्तीही नको, कारण मुदत कायद्याच्या कलम १५(२) नुसार नोटिशीचा काळ मुदतीतून वगळतात. उद्याच जेसीबी येणार असेल तर कलम ८०(२) आहे : न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा. पण सरकारला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय तातडीचा हुकूम मिळत नाही, आणि निकड पटली नाही तर दावा नोटिशीसाठी परत येतो. दाव्यात 'नोटीस दिली' हे वाक्य लिहायला विसरू नका. कायदाच ते मागतो.

धारवाडचा रिट

राज्यघटनेच्या कलम २२६ खालच्या रिट अर्जाला, म्हणजे सरकारच्या कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या अर्जाला, कलम ८० ची नोटीस लागत नाही. बेळगाव जिल्हा कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो. खंडपीठ २००८ मध्ये सुरू झाले, २०१३ मध्ये कायम झाले. महाधिवक्ता कार्यालयाशी खरी गाठ पडते ती इथे. सरकारी प्रतिवादींसाठीची प्रत त्या कार्यालयात देऊन पोच घ्या. सुनावणीला एजीए 'नोटीस घेतो', म्हणजे सरकारच्या वतीने ती स्वीकारतो, आणि खात्याकडून सूचना मागवतो. पुढची तारीख 'सूचना आल्या नाहीत' म्हणून वाया जाऊ नये यासाठी एक साधी युक्ती : वकिलामार्फत आधीच्या अर्जांचे आवक क्रमांक आणि तारखा एका पानावर लिहून प्रतीच्या सुरुवातीला लावा. फाईल कोणत्या टेबलावर आहे हे एजीएला लगेच कळते, खात्याला ती शोधायला महिना लागत नाही.

अवमान : परवानगी कधी लागते

इथला गोंधळ जुना आहे. उच्च न्यायालयाचा हुकूम अधिकाऱ्याने पाळला नाही तर तो दिवाणी अवमान. त्याला महाधिवक्त्याची परवानगी लागत नाही. कुणी उच्च न्यायालयाची बदनामी केली तर तो फौजदारी अवमान, आणि खासगी माणसाला १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम १५ नुसार महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. बदनामी बेळगावच्या कनिष्ठ न्यायालयाची असेल तर खासगी माणसाचा मार्गच नाही : एकतर ते न्यायालय प्रकरण वर पाठवते, किंवा महाधिवक्ता स्वतः अर्ज करतो. दोन्ही प्रकारांत कलम २० ची एक वर्षाची मुदत आहे. संमतीच्या पत्रव्यवहारात दहा महिने घालवणाऱ्यांच्या हाती शेवटी काही उरत नाही.

नाल्यात सोडलेले सांडपाणी

सार्वजनिक उपद्रवाबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ चा दावा महाधिवक्ता लावू शकतो. त्याची वाट पाहू नका : न्यायालयाची परवानगी घेऊन दोन किंवा अधिक माणसांनाही तो लावता येतो, त्यांचे स्वतःचे वेगळे नुकसान झालेले नसले तरी. गल्लीतले दोघे पुरतात, पण दोघेही शेवटपर्यंत टिकणारे निवडा.

मराठी कागद

गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देता येतो. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क राज्यघटनेचे कलम ३५० देते. अर्ज मराठीत द्या, सोबत कन्नड भाषांतर जोडा. हक्क सोडायचा नाही, पण कारकुनाला निमित्तही द्यायचे नाही.

उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून मुंबई राज्याच्या काळातली मराठी खरेदीखते आणि फेरफार भाषांतर करूनच लावावे लागतात. मोडी असेल तर आधी देवनागरी लिप्यंतर, मग इंग्रजी. एका दमात करायला गेले की नावे बिघडतात. आणि क्षेत्राचे आकडे स्वतः ताडून पाहा. उताऱ्यावरचे २-२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे, अर्थात अडीच एकर. भाषांतरात ते '२.२० एकर' झाले की बारा गुंठे कागदावरूनच जातात, आणि सरकारी वकील पहिल्या तारखेला बोट ठेवतो ते नेमके तिथेच.