तोफेआधी खोकं पोचलं पाहिजे

वालचंद कॉलेजची पोरं अधूनमधून सांगलीत विश्रामबागेत घरी येतात. ‘काका, डीआरडीओत, म्हणजे त्या संरक्षण संशोधन संस्थेत, नेमकं काय केलंत?’ तोफ केली, असं ऐकायला आलेली असतात. मी खोकी पोचवली. शेवटची बारा वर्षं तरी तेच: कोणता भाग कधी मागवायचा, चाचणीला कोण जाणार, ट्रक कधी सुटणार.

या कामाची वेगळी जाहिरात निघत नाही. इंजिनिअरांनी गेट ही परीक्षा द्यावी. ‘सायंटिस्ट बी’ या पदाच्या अलीकडच्या निवडीत गेटला ८० टक्के वजन होतं, मुलाखतीला २०. डिप्लोमा, बीएस्सी किंवा आयटीआयवाल्यांनी सेप्टमच्या (डीआरडीओचं भरती केंद्र) जाहिरातीवर लक्ष ठेवावं. पुण्यात पाषाणला शस्त्रांची प्रयोगशाळा एआरडीई आहे (पिनाका रॉकेट तिथलंच), सुतारवाडीला स्फोटकांची एचईएमआरएल. आत गेल्यावर पहिली काही वर्षं चाचणीच्या जागीच काढा. ज्याने स्वतः नट आवळला नाही, त्याला इंडेंटमधली, म्हणजे मागणीपत्रातली, चूक दिसत नाही.

माझीच चूक सांगतो. ओडिशात चांदीपूरला चाचणी होती. तिथे ओहोटीला समुद्र पाच किलोमीटरपर्यंत मागे जातो, डागलेले गोळे वाळूतून वेचून आणता येतात. १८९५ पासून तिथे तोफगोळ्यांची तपासणी चालते. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं हे बघत वाढलेला मी, पाणी पळताना बघत बसलो होतो. इकडे खोकं उघडलं. दाबमापकाच्या कॅलिब्रेशन (अचूकता तपासणी) स्टिकरवरची मुदत नऊ दिवसांपूर्वीच संपलेली. गुणवत्ता तपासणाऱ्या माणसाने स्टिकरवर नुसतं बोट ठेवलं, बोलला काही नाही. पॅकिंग लिस्टवर सही माझी.

दुसरा दाबमापक पुण्याहून येईपर्यंत चाचणीच्या रेंजवरचे आमचे दिवस संपले. पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली. त्यानंतर लिस्टमध्ये ‘मुदत कधीपर्यंत’ असा रकाना घातला आणि तो भरायचं काम खोकं बांधणाऱ्याकडे न देता दुसऱ्याकडे दिलं. बांधणाऱ्याला खोकं मिटवायची घाई असते.

आणखी एक, हे कुणी आधी सांगत नाही. मोबाईल ऑफिसच्या फाटकावर ठेवावा लागतो. २०१९ च्या पुरात सांगलीहून घरचे फोन करत होते आणि माझा फोन कप्प्यात वाजत होता. ऑफिसचा लँडलाईन नंबर रुजू होताच घरी देऊन ठेवा. आमच्याकडे तो फ्रिजवर अजून चिकटलेला आहे.