फँटसी कादंबरी परदेशी जाताना: हक्क, अनुवाद आणि पुरस्कारांच्या तारखा

पहिल्या इंग्रजी करारावर सही करण्याआधी हक्कांचं कलम उघडा. ‘जगभर, सर्व भाषा’ असं लिहिलेलं असेल तर अनुवादाचे हक्क प्रकाशकाकडे गेले. मग जपानी किंवा जर्मन आवृत्तीचा सौदाही तोच करणार आणि तुम्हाला फक्त वाटा मिळणार. तुमच्या वतीने हक्क विकणारा एजंट असेल तर प्रकाशकाला इंग्रजीपुरतेच हक्क द्या. भारतात राहणाऱ्यांनी आणखी एक ओळ तपासावी: ‘यूके व कॉमनवेल्थ’ म्हटलं की बहुतेकदा भारतीय उपखंडही त्यात ओढला जातो. तो वगळून घेतला, तर इथल्या प्रकाशकाला वेगळा विकता येतो.

परदेशी हक्कांचे सौदे पुस्तक मेळ्यांत होतात: लंडनचा मेळा वसंतात भरतो, फ्रँकफर्टचा ऑक्टोबरमध्ये. त्याआधी एजंटाच्या हातात पूर्ण हस्तलिखित, शब्दसंख्या, मालिकेचे किती भाग ठरलेत ते आणि दोन पानी सारांश हवा. सारांशात शेवटही सांगून टाका. रहस्य राखलेला सारांश परदेशी संपादकाच्या काही कामाचा नाही. एजंटाचं कमिशन देशी विक्रीवर साधारण १५ टक्के आणि परदेशी विक्रीवर २०, कारण त्यात तिथल्या उप-एजंटाचाही वाटा असतो.

अनुवादाच्या करारात मुदत ५ ते ७ वर्षं असावी. ‘कॉपीराइट संपेपर्यंत’ दिसलं तर खोडायला लावा. १८ ते २४ महिन्यांत पुस्तक बाजारात आलं नाही, तर हक्क परत आणि ॲडव्हान्स तुमच्याकडेच. जाड कादंबरीला खंड पाडण्याचं कलमही लागतं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेतले पाच भाग जर्मनीत दहा पुस्तकं होऊन निघाले. खंड पाडायला हरकत नाही, पण कुठे पाडायचे ते तुम्हाला विचारून, आणि ॲडव्हान्स एका पुस्तकाचा की दोन्हींचा हे लिहून घेऊन.

अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीवर एरवी ३० टक्के कर कापला जातो. डब्ल्यू-८बेन (W-8BEN) हा परदेशी व्यक्तींसाठीचा अमेरिकी कर-फॉर्म पॅन क्रमांकासह आधीच दिला, तर भारत-अमेरिका कर करारानुसार १५. उशिरा दिलात तर कापलेली रक्कम परत मिळवायला तिकडे विवरणपत्र भरत बसावं लागतं.

अनुवादकाला पुस्तकासोबत शब्दसूची द्या. त्यात प्रत्येक नावाचा उच्चार, कोणती नावं तशीच ठेवायची आणि कोणती अर्थानुसार बदलायची, मोजमापं, आणि कोणत्या भविष्यवाणीतला कोणता शब्द पुढच्या भागात उलटणार आहे ते असावं. सगळ्यात जास्त घोटाळा लपवलेल्या लिंगाचा होतो. मुखवट्यातला मारेकरी बाई आहे हे तिसऱ्या भागात उघड होणार असेल, तर इंग्रजीत ते सहज लपतं. पोलिशमध्ये मात्र भूतकाळी क्रियापदच पहिल्या भागात चुगली करतं. मराठीतही तेच. अनुवादकाला हे छपाईनंतर कळून काय उपयोग!

पुरस्कारांत सगळा खेळ पहिल्या प्रकाशनाच्या वर्षाचा. ह्यूगो या विज्ञानकथा-फँटसीच्या पुरस्कारासाठी आधीच्या कॅलेंडर वर्षातलं लेखन चालतं. कादंबरी म्हणजे ४०,००० शब्द आणि वर. मालिकेच्या गटासाठी किमान तीन भाग आणि एकूण २,४०,००० शब्द. इतर भाषेतून आलेलं पुस्तक इंग्रजी अनुवाद प्रथम निघाला त्या वर्षी पुन्हा पात्र ठरतं: लिऊ त्सिशिन यांची चिनी कादंबरी २०१४मध्ये इंग्रजीत आली आणि २०१५चा ह्यूगो घेऊन गेली. म्हणून मराठी कादंबरीचा स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद डिसेंबरात घाईघाईने ई-बुक म्हणून चढवू नका. एक वर्ष फुकट जातं, आणि प्रकाशकही ‘आधीच छापलेलं’ म्हणून नाक मुरडतो.

नवोदितांसाठीचा ॲस्टाउंडिंग पुरस्कार ह्यूगोच्याच मतपत्रिकेवर असतो, पण पात्रता फक्त दोन वर्षं टिकते, आणि ती कादंबरीपासून नव्हे तर पहिल्या व्यावसायिक प्रकाशनापासून मोजतात. मासिकात गेलेली एखादी छोटी कथाही हे घड्याळ चालू करते.

ह्यूगोला अर्ज नसतो. वर्ल्डकॉन या विज्ञानकथा-फँटसीच्या वार्षिक संमेलनाचे सदस्य नामांकन करतात, प्रत्येक गटात पाच नावांपर्यंत. जानेवारीत तुमच्या पात्र लेखनाची गटवार, शब्दसंख्येसह यादी जाहीर करा, एवढं पुरे. वर्ल्ड फँटसी पुरस्कारात परीक्षक मंडळाचं वजन मोठं, तेव्हा परीक्षकांची नावं जाहीर झाल्या झाल्या प्रती पाठवायला प्रकाशकाच्या मागे लागा. ह्यूगोची अंतिम यादी जाहीर होण्याआधी आयोजक खासगी ईमेलवर संमती विचारतात, त्यामुळे वसंतात स्पॅमचा फोल्डर रोज चाळा.