चोवीस अमिनो आम्लांचा फरक

सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सर्पिन हे जनुककुल (बहुतांशी प्रथिने तोडणाऱ्या विकरांना अडवणाऱ्या प्रथिनांची जनुके) निवडले, तेव्हा द्विरावृत्तीतून जनुकांची संख्या कशी वाढते आणि गुणसूत्र १४ वर त्यांची रांगच कशी लागली आहे, हे सारे मला तोंडपाठ होते; घसरलो तो साध्या मोजणीत. प्रथिने तोडणारे विकर सर्पिनच्या ज्या फासाला आमिष समजून तोंड लावते, तो फास या कुलात फार झपाट्याने बदललेला आहे. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या रक्तातल्या सर्पिनमध्ये तिथले निर्णायक अमिनो आम्ल म्हणजे ३५८ वे मिथिओनिन. माझ्या अलाइनमेंटमध्ये, म्हणजे कुलातल्या प्रथिनांचे क्रम एकाखाली एक लावलेल्या मांडणीत मात्र तो भाग बहुतेक भावंडांत जवळजवळ सारखाच निघाला आणि ‘फास बदललेला नाही’ असे मी आठ पाने लिहून बसलो.

हे प्रथिन पेशीत ४१८ अमिनो आम्लांचे तयार होते. सुरुवातीची २४ कापली जाऊन रक्तात ३९४ अमिनो आम्लांचे प्रथिन फिरते. जुने शोधनिबंध कापल्यानंतरच्या प्रथिनापासून मोजतात, तर डेटाबेसमधला क्रम कापण्यापूर्वीचा असतो. त्यामुळे ३५८ वे मिथिओनिन तिथे ३८२ व्या जागी सापडते आणि झेड प्रकारात, म्हणजे या प्रथिनाच्या एका सदोष रूपात, ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते ते ३४२ वे स्थान ३६६ होते. मी डेटाबेसच्या क्रमातच ३५८ मोजले, म्हणून कापलेला तुकडा फासाच्या अलीकडचा, रचना सांभाळणारा आणि म्हणून फारसा न बदलणारा होता. आमच्या घरी चादरीचे यंत्रमाग होते. जॅकार्डच्या पुठ्ठ्यांचा क्रम चुकला की वडील वीतभर कापडातच माग थांबवत. मी आठ पाने विणली.

आकड्यावर कधीही विसंबू नका. अ‍ॅलानिन, आयसोल्युसिन, प्रोलिन, मिथिओनिन, सेरिन ही ओळ स्वतःच्या डोळ्यांनी शोधा आणि मगच कात्री चालवा. मार्गदर्शक हे पाहतील या भरवशावर राहू नये. माझ्या मार्गदर्शकांनी आलेखाचे रंग पाहून ‘छान’ म्हटले होते, चूक दाखवली ती एका वरिष्ठ विद्यार्थिनीने. संकेतस्थळावर क्रम टाकून वंशवृक्ष छापून घेणाऱ्यांविषयीही माझे मत फारसे बरे नाही.

तरी घाबरू नका, दुरुस्ती दोन दिवसांत झाली. योग्य फास समोर आल्यावर, त्याच मिथिओनिनच्या जागी आर्जिनिन येताच हे प्रथिन इलॅस्टेज हे विकर सोडून रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या विकराला कसे अडवू लागते आणि रुग्णाला रक्तस्राव का होतो, हे मला प्रथमच कळले. मात्र याच कुलातले सर्पिन-ए६ विकर अडवणाऱ्या भावंडांच्या तक्त्यात सरसकट बसवू नका; ते विकर अडवत नाही, कॉर्टिसॉल वाहून नेते.