हातउसने दिलेले पैसे परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा कसा करावा

मित्राला दुकान थाटण्यासाठी, मेहुण्याला घराच्या पहिल्या हप्त्यासाठी किंवा शेजाऱ्याला इस्पितळाचे बिल भरण्यासाठी दिलेली रक्कम परत आली नाही, तर ती दिवाणी न्यायालयामार्फत वसूल करता येते. मात्र अशा दाव्यांतील बहुतेक अपयशांचे मूळ न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच्या काळात असते: कागद केलेला नसतो आणि मुदतीचे दिवस मोजलेले नसतात. म्हणून पुढील मार्गदर्शनात न्यायालयातील कामकाजापेक्षा दाव्याच्या तयारीला अधिक जागा दिली आहे. हे विवेचन दोन खासगी व्यक्तींमधील हातउसन्या रकमेपुरते आहे. व्यापारी व्यवहारातील ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा वाद २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याखाली जातो आणि त्याची वाट वेगळी आहे.

मुदत कोणत्या दिवशी सुरू होते

वसुलीच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्यानुसार ३ वर्षांची मुदत आहे, हे अनेकांना माहीत असते. परंतु ती केव्हापासून मोजायची याबाबत मोठा गैरसमज आहे. समोरच्याने ‘देत नाही’ असे सांगितल्यापासून ३ वर्षे, अशी लोकांची समजूत असते. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल, किंवा ‘मागशील तेव्हा देईन’ एवढेच ठरले असेल, तर मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासूनच धावू लागते. १५ जून २०२३ रोजी रक्कम दिली आणि पुढची अडीच वर्षे नात्याखातर मागणीच केली नाही, तरी दावा १५ जून २०२६ पर्यंत दाखल झाला पाहिजे. मागणीवर देय असलेल्या वचनचिठ्ठीलाही (रक्कम देण्याचे सही केलेले लेखी वचन) हाच नियम आहे, म्हणजे मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून मोजली जाते. परतफेडीची निश्चित तारीख ठरली असेल आणि ती सिद्ध करता येत असेल, तरच मुदत त्या तारखेपासून मोजता येते. दावा मुदतबाह्य असल्याचा आक्षेप प्रतिवादीने घेतला नाही, तरी असा दावा फेटाळणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. त्यामुळे समोरचा पक्ष गाफील राहील या आशेला जागा नाही.

मुदत संपत आली असेल आणि संबंध अजून बोलण्याइतके शिल्लक असतील, तर सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे मुदत संपण्यापूर्वी देणेदाराकडून सही केलेली लेखी कबुली घेणे. ‘अमुक तारखेला घेतलेले ४ लाख रुपये मी आपले देणे आहे’ एवढे एक वाक्य, तारीख आणि सही असली, की मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार त्या दिवसापासून नवी ३ वर्षे मिळतात. काही रक्कम अंशतः परत आली असेल तर कलम १९ नुसार तोच लाभ मिळतो, मात्र ती दिल्याची नोंद परतफेड करणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. मोबाइलवरून ५ हजार रुपये आले तर ते कशापोटी आले याची सही केलेली ओळ त्याच आठवड्यात घ्यावी. व्हॉट्सॲपवरील ‘दिवाळीनंतर बघतो’ हा संदेश पुरावा म्हणून जपून ठेवावा, पण मुदत वाढवण्यासाठी त्यावर विसंबू नये. मुदत उलटून गेली असली तरी एक दार उघडे राहते: करार कायद्याच्या कलम २५ मधील तिसऱ्या पोटकलमानुसार, मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी आणि सही केलेले वचन हा नवा, अंमलात आणता येणारा करार ठरतो. त्यात नुसती कबुली पुरत नाही; ‘मी ही रक्कम देईन’ असे स्पष्ट वचन लागते.

पैसे दिले, पण ते उसने दिले होते का

बँकेच्या खातेउताऱ्यावरून पैसे गेले एवढेच सिद्ध होते. ते उसने म्हणून गेले हे सिद्ध होत नाही. प्रतिवादीची कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) बहुधा याच फटीतून आत येते. ही भेट होती, हे माझेच जुने येणे होते, आम्ही भागीदारीत धंदा करणार होतो आणि हा त्यांचा हिस्सा होता, असे तो म्हणतो, आणि वादीला ते खोडून काढावे लागते. त्यामुळे कागदपत्रे गोळा करताना व्यवहाराचे स्वरूप दाखवणारा प्रत्येक कागद शोधावा: पैसे मागणारा संदेश, ‘कधी परत करशील’ याला आलेले उत्तर, हप्त्यांची बोलणी, व्यवहाराच्या वेळी हजर असलेला त्रयस्थ साक्षीदार, आणि आपल्याकडे त्या वेळी एवढी रक्कम कोठून आली याचा हिशोब. शेवटचा मुद्दा हमखास उलटतपासात येतो. मुदत ठेव मोडली, सोने गहाण ठेवले, शेतमालाची पट्टी आली, जे काही असेल त्याचा दाखला हाताशी ठेवावा.

मोबाइलमधील संदेश आणि ध्वनिमुद्रण पुराव्यात द्यायचे असेल तर नुसती छापील प्रत पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. फोन बदलण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी याचा विचार करावा, कारण मूळ उपकरण हाती असले की पुष्कळ प्रश्न सुटतात.

वचनचिठ्ठी करून घेतली असेल तर तिच्यावर महसुली तिकीट लावून, त्यावर आडवी सही घेतली आहे ना, हे पाहावे. इतर अनेक दस्तांवर कमी मुद्रांक असल्यास दंड भरून ते पुराव्यात घेता येतात. वचनचिठ्ठीला ही सवलत नाही. तिकीट नसलेली चिठ्ठी पुरावा म्हणून बादच होते, आणि एका रुपयाच्या तिकिटासाठी लाखोंचा कागद वाया जातो. उलट व्यवस्थित केलेली चिठ्ठी वादीला मोठा आधार देते, कारण मोबदला मिळाल्यानंतरच ती लिहिली गेली असे कायदा गृहीत धरतो आणि ते खोटे ठरवण्याची जबाबदारी प्रतिवादीवर येते. चिठ्ठीत व्याजाचा दर लिहिलेला नसेल तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ८० नुसार वार्षिक १८ टक्के दर लागू होतो.

रोख व्यवहाराबाबत थोडे सावध असावे. २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेणाऱ्यावर बसतो. शिवाय २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख दिल्याचे दाव्यात म्हटलेले असल्यास न्यायालयाने आयकर विभागाला कळवावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला आहे. रोख दिलेली रक्कम बुडीत खाती धरावी असा याचा अर्थ नाही. पण ज्या पैशाचा माग आयकर विवरणपत्रात दिसत नाही, त्याची वसुली मागण्यापूर्वी करसल्लागाराला भेटावे.

नोटीस

दोन खासगी व्यक्तींमधील वसुलीच्या दाव्यापूर्वी नोटीस पाठवलीच पाहिजे असा नियम नाही. तरीही ती पाठवावी, कारण तिचे उत्तर (किंवा उत्तराचा अभाव) पुढे पुराव्यात कामी येते. व्याज ठरलेले नसेल तर ‘अमुक दिवसापासून व्याज आकारले जाईल’ असे नोटिशीत लिहावे, म्हणजे १९७८ च्या व्याज कायद्याखाली त्या दिवसापासून व्याज मागता येते. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. समोरच्याने पाकीट नाकारले आणि ते परत आले, तर ते न फोडता तसेच ठेवावे. ते पाकीटच नोटीस बजावल्याचा पुरावा असते.

नोटिशीत रागाच्या भरात व्याजाचा दर फुगवून लिहू नये. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार, परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात न्यायालय हुकूमनामा (वसुलीचा आदेश) देत नाही. ओळखीतल्या एका माणसाला एकदा पैसे देणे म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे. परंतु महिना ३ टक्क्यांची मागणी आणि त्याच गावात आणखी चार जणांना दिलेले व्याजी पैसे एवढे प्रतिवादीच्या वकिलाला पुरेसे असते.

दावा कोठे आणि कसा दाखल करावा

प्रतिवादी जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तेथील न्यायालयात, किंवा व्यवहार जेथे पूर्णतः वा अंशतः घडला तेथील न्यायालयात दावा दाखल करता येतो. वसुलीची पुढची कामे प्रतिवादीच्या गावातच करायची असल्याने शक्यतो तेथील न्यायालय निवडावे. लहान रकमेचे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे आणि मोठ्या रकमेचे वरिष्ठ स्तराकडे जातात. कोर्ट फी महाराष्ट्रात १९५९ च्या कायद्यातील तक्त्याप्रमाणे मागणीच्या रकमेवर ठरते आणि ती दावा दाखल करतानाच भरावी लागते. फी वाचवण्यासाठी मागणी तोडून थोडी आता आणि उरलेली नंतर असा बेत करू नये: एकाच कारणातून उद्भवलेली सगळी मागणी, व्याजासह, एकाच दाव्यात करावी लागते, आणि सोडलेल्या भागासाठी नंतर दावा चालत नाही.

दाव्याच्या अर्जात व्यवहाराची हकीकत तारखेनुसार लिहावी, रक्कम कशी दिली हे नेमके सांगावे, दाव्यास कारण केव्हा घडले आणि दावा मुदतीत कसा आहे याचा स्वतंत्र परिच्छेद असावा. कबुली किंवा अंशतः परतफेडीमुळे मुदत वाढली असेल तर तेही याच परिच्छेदात आले पाहिजे. वकिलाने तयार केलेला मसुदा सही करण्यापूर्वी शब्द न् शब्द वाचावा, कारण त्यावरील प्रतिज्ञालेख (मजकूर खरा असल्याचे विधान) पक्षकाराचा असतो आणि उलटतपासात ‘हे वकिलांनी लिहिले’ हे उत्तर फार महागात पडते.

वचनचिठ्ठी, धनादेश किंवा निश्चित रकमेचा लेखी करार हाती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी (संक्षिप्त) दावा करता येतो. यात प्रतिवादीने समन्स बजावल्यापासून १० दिवसांत हजर व्हायचे असते आणि बचाव मांडण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. बचावात काही तथ्य नसेल तर परवानगी नाकारून थेट हुकूमनामा होतो. फक्त बँक उतारा आणि तोंडी बोलणे एवढ्यावर समरी दावा उभा राहत नाही.

साध्या दाव्यात समन्स, ३० दिवसांत अपेक्षित असलेली कैफियत (न्यायालय ती ९० दिवसांपर्यंत स्वीकारते, आणि सबळ कारण असल्यास त्यानंतरही), मुद्दे निश्चिती, शपथपत्रावर सरतपास (साक्षीदाराची मूळ साक्ष), उलटतपास, युक्तिवाद आणि निकाल असा क्रम असतो. तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून पाहता येतात. तारखेला काय झाले हे वकिलाकडून कळेल यावर न थांबता रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) स्वतः पाहत जावे.

धनादेश, पोलीस आणि लोकअदालत

परतफेडीपोटी दिलेला धनादेश न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची वाट, आणि त्यानंतर एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची फौजदारी तक्रार, असा काटेकोर क्रम आहे. ही तक्रार आणि दिवाणी दावा एकाच वेळी चालू शकतात. तक्रार प्रलंबित असल्याने दाव्याची मुदत मात्र थांबत नाही, आणि नेमके येथेच अनेक जण फसतात. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार देऊन वसुली होईल अशी आशा बाळगणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की पैसे घेतानाच बुडवण्याचा हेतू होता हे दाखवता आले नाही तर कर्ज न फेडणे हा गुन्हा होत नाही.

दोन्ही बाजूंना रक्कम मान्य आहे आणि प्रश्न फक्त हप्त्यांचा आहे, अशा प्रकरणांत लोकअदालत हाच उत्तम मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल करण्यापूर्वीच अर्ज देता येतो. तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो आणि त्यावर अपील नसते. दावा आधीच दाखल असेल तर तडजोड झाल्यावर कोर्ट फी परत मिळते. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सहाय्य मिळू शकते.

हुकूमनाम्यानंतर

निकाल लागला म्हणून पैसे घरी येत नाहीत. त्यासाठी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते. मुदत १२ वर्षांची आहे, तरी ती वापरून संपवू नये, कारण तेवढ्या काळात मालमत्ता नातेवाइकांच्या नावावर जाते. दावा चालू असतानाच प्रतिवादीची खाती, वाहने, सात-बारा आणि मिळकत पत्रिका यांची माहिती जमवत राहावी. माहिती नसेल तर न्यायालय हुकूमनामाधारकाच्या अर्जावरून देणेदाराला मालमत्तेचे शपथपत्र देण्यास सांगू शकते.

नोकरदाराच्या पगाराची जप्ती सोपी असली तरी तिला मर्यादा आहेत. पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीतून मुक्त असतात. म्हणजे जप्तीसाठी धरायचा पगार ३१ हजार असेल तर महिना १० हजार मिळतात. आणि एकाच हुकूमनाम्यापोटी २४ महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मुक्त होतो. म्हणून २ लाख ४० हजारांपेक्षा मोठ्या वसुलीसाठी असा पगार पुरणार नाही, आणि सुरुवातीपासूनच स्थावर मिळकतीकडे लक्ष ठेवावे लागेल. शेतकऱ्याची अवजारे, पेरणीचे बियाणे आणि राहते घर यांनाही संरक्षण आहे. देणेदार वारला तर वारसांविरुद्ध दरखास्त चालते, पण त्यांना मिळालेल्या इस्टेटीपुरतीच.

हुकूमनाम्यानंतर रक्कम न्यायालयाबाहेर मिळाली, पूर्ण असो वा अंशतः, तर ती मिळाल्याची पुरसीस (लेखी निवेदन) हुकूमनामाधारकाने न्यायालयात द्यावी. ती दिली नाही तर पैसे देणाऱ्याने ३० दिवसांत तशी नोंद करून घेण्यासाठी अर्ज करावा, कारण नोंद न झालेली परतफेड दरखास्तीत विचारात घेतली जात नाही.