पेन्सिलीने काढलेली खुर्ची कशी पाहावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या कौलारू घरांच्या सोप्यात वेताने विणलेली लाकडी आरामखुर्ची अजूनही आढळते. तिचे हुबेहूब पेन्सिलचित्र समोर आले की बहुतेक जण ‘अगदी फोटोच वाटतो’ एवढे म्हणून पुढे सरकतात. ज्या बेळगाव शहरात चित्रकार रवी परांजपे यांनी कलाशिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली चित्रकलेचे धडे गिरवले, तिथे तरी दाद याहून डोळस असावी, असे मला मनापासून वाटते.

आधी दोन पावले मागे उभे राहून खुर्ची जमिनीवर नीट टेकली आहे का, ते पाहावे. पाय फरशीला भिडतो तिथे सावली सर्वांत गडद असते आणि पायापासून दूर जाता जाता ती फिकट होत तिची कड विरघळते. हे साधले नसेल तर लाकडाच्या रेषा कितीही बारकाईने काढलेल्या असोत, खुर्ची अधांतरीच राहते. पायांच्या मधली मोकळी जागाही पाहावी, कारण प्रमाण चुकले की ते तिथे लवकर उघडे पडते.

त्यानंतर उजेड कुठून येतो, हे शोधावे. छपरातल्या काचेच्या कौलातून तो आला असेल, तर खुर्चीच्या हातांचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळोखा दिसतो. मात्र जाणकार चित्रकार तो खालचा भाग संपूर्ण काळा करत नाही, फरशीवरून परतलेल्या उजेडाची अंधूक पट्टी तिथे ठेवतो.

वेताची बैठक जवळून पाहावी. चांगल्या चित्रात प्रत्येक काडी रेखलेली नसते. विणीतली काळी भोके भरली जातात आणि वेत म्हणजे मधे राखलेला कोरा कागद असतो. समोरची वीण स्पष्ट असते, मागे जाताना ती नुसत्या करड्या छटेत मिसळते. किती दाखवायचे आणि कुठे थांबायचे, हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो.

शेवटी चकाकी पाहण्यासाठी कागद किंचित तिरपा धरावा. फ्रान्समध्ये १७९५ साली संशोधक कोंते यांनी पेन्सिलीसाठी ग्राफाइटमध्ये (कागदावर काळे उठणाऱ्या खनिजात) चिकणमाती मिसळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले; माती जास्त असेल तर पेन्सिलीचे शिसे कठीण होते व फिकट उठते, कमी असेल तर मऊ होते व गडद उठते. मऊ ६बी पेन्सिल दाबून घासली की काळा भाग चकाकतो, म्हणून समोरून गडद दिसणारी सावली एका बाजूने पाहिल्यास करडी भासते. कठीण पेन्सिलीचे हलके थर आधी देऊन त्यावर मऊ पेन्सिल फिरवली असेल, तर ही चकाकी बरीच कमी राहते.