सोलापुरात आफ्रिकन व्हायोलेट: उन्हापेक्षा पाण्याला जपा

आफ्रिकन व्हायोलेट म्हणजे घरात कुंडीत लावायचं लहानसं फुलझाड. एप्रिल लागला की त्याच्यासाठी ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "काकू, व्हायोलेटची पानं लोळली की ओ, पाणी किती घालू?" मी आधी विचारते, कुंडीत बोट घालून बघितलंस का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ओलीच लागतीय." मग पाणी घालायचं नाही, झाड उपटून बघायचं. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढताच येत नाही. पानं तहानल्यासारखीच लोळतात, आपण दया येऊन अजून एक तांब्या ओततो आणि उरलंसुरलं तेही जातं. पारा ४२-४३ वर गेला की कुंडीतलं ओलं राहिलेलं मिश्रण कोमट होतं, मुळांना हवा मिळत नाही, बुरशीला तेवढंच हवं असतं. आपल्याकडं ही झाडं उन्हानं कमी आणि पाण्यानं जास्त मरतात, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

झाडाचं मूळ गाव बघितलं की कारण कळतं. आजच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरांत, दाट झाडीच्या सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या कपारीत ते वाढतं. १८९२ च्या सुमारास वॉल्टर फॉन सेंट पॉल या जर्मन अधिकाऱ्यानं ते तिथून जर्मनीत वडिलांकडं पाठवलं, आणि १८९३ मध्ये त्यांच्याच आडनावावरून त्याला सेंटपॉलिया हे शास्त्रीय नाव मिळालं. कपारीत माती असते किती? मूठभर. पाणी येतं आणि झिरपून जातं. म्हणून मुळं बारीक, उथळ, आणि हवेची भुकेली.

तेव्हा आपली काळी माती या कामाला अजिबात नको. कापसाला, ज्वारीला ती सोनं असेल, व्हायोलेटला ती गाळ. मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) निम्मं निम्मं घेते, त्यात चाळलेलं गांडूळखत जेमतेम मूठभर. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की लगेच सुटायला हवं. गोळा झाला तर परलाइट वाढवा.

कुंडी लहान ठेवा. पानांचा घेर जेवढा, त्याच्या एक तृतीयांश रुंदीची कुंडी पुरते. नऊ इंची घेराला तीन इंची. पाव किलो दह्याचा प्लॅस्टिकचा डबा, बुडाला तापलेल्या खिळ्यानं चार-पाच भोकं, काम झालं. मातीची कुंडी दिसते छान, पण तिच्या काठावर पांढरे क्षार साचतात आणि काठाला टेकलेले देठ तिथंच सडतात.

आता पाण्याचं. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण एरवी कुरकुरतो, पण साठवून ठेवलेलं पाणी व्हायोलेटला उलट चांगलं. क्लोरीन उडून जातो आणि पाणी खोलीइतकंच कोमट-गार राहतं. मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट घालू नका, हाताला चटका बसतो ते मुळांना कसं सोसेल? माठातलं किंवा फ्रीजमधलंही नको. गार पाण्याचे थेंब पानावर पडले की तिथं पिवळट-पांढरे वळसे उमटतात, ते पुन्हा जात नाहीत. बोअरचं पाणी जड, त्यानं मिश्रणावर पांढरी पापडी धरते. आरओचं शुद्ध पाणी चालतं. मात्र आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी 'बागेला होईल' म्हणून घालू नका, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. सगळ्यात उत्तम पावसाचं. आपल्याकडं पाऊस बेताचाच, तरी गच्चीवर एक स्वच्छ बादली ठेवली तर दहा-बारा कुंड्यांना पुरेसं जमतं.

घालायचं कधी? कुंडी उचलून बघा. कोरडी कुंडी हलकी लागते, चार दिवसांत हाताला अंदाज येतो. मग ताटलीत बोटभर पाणी घेऊन कुंडी अर्धा तास त्यात ठेवायची, वरचा थर ओलसर दिसला की उचलायची आणि ताटलीतलं उरलेलं पाणी ओतून टाकायचं. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून खालून वाहू द्या, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. तेवढं करताना मधला गाभा, म्हणजे नवी पानं फुटतात ती जागा, भिजवू नका. भिजलाच तर कापडाच्या टोकानं टिपा.

वातीनं पाणी देण्याची पद्धतही चांगली. कुंडीच्या भोकातून दोरा खाली पाण्याच्या डब्यात सोडायचा. सोलापुरात सुताला काय तोटा! पण सुती दोरा काही आठवड्यांत कुजतो. स्वेटर विणायची ॲक्रिलिक लोकर घ्या. आणि मार्चअखेर मी सगळ्या वाती काढून टाकते. उन्हाळ्यात मिश्रण सतत ओलं राहणं म्हणजे कुजण्याला आमंत्रण.

उजेड भरपूर हवा, ऊन नको. पूर्वेची खिडकी जूनपासून फेब्रुवारीपर्यंत छान, पांढरा पातळ पडदा लावून. उन्हाळ्यात सगळे सांगतात उत्तरेला ठेवा. बरोबर आहे, पण सोलापूर साधारण साडेसतरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. पडदा तिथंही लागतो. पारख सोपी: झाडाच्या जागी कागद ठेवून वर हात धरा. सावली अंधुक पडली तर जागा बरोबर, कडक रेषांची पडली तर ऊन जास्त. देठ लांबून पानं वर उचलली तर उजेड कमी पडतोय, पानं फिकी होऊन कुंडीला मिठी मारू लागली तर जास्त होतोय. खिडकी नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब फूटभर वर लावून रोज बारा तास ठेवा. रात्री मात्र अंधार द्या.

एप्रिल-मेमध्ये फुलांची अपेक्षाच सोडा. त्या दिवसांत काम एकच, झाड जगवणं. या झाडाला १८ ते २६-२७ अंश आवडतं, आणि आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला. मी कुंड्या मांडणीवरून काढून मधल्या खोलीत थेट फरशीवर आणते, खाली दोन-चार अंशांचा फरक सहज पडतो. कूलर असलेली खोली उत्तम, कारण आपली कोरडी हवा तो ओलसर करतो. फक्त झोत अंगावर नको. परातीत खडे, खड्यांच्या माथ्याच्या खालपर्यंतच पाणी, वर कुंड्या. कुंडीचं बूड पाण्याला टेकता कामा नये. फुलं-कळ्या खुडा, खत बंद ठेवा.

खत सुरू करायचं ते पहिल्या पावसानंतर. कृषी सेवा केंद्रात द्राक्ष-डाळिंबवाले नेतात तेच पाण्यात विरघळणारं १९:१९:१९. दुकानदार शेताचं प्रमाण सांगेल, ते ऐकू नका. चार लिटर पाण्याला एक ग्रॅम पुरे, तेही पंधरा दिवसांतून एकदा. खत जास्त झालं की मधली कोवळी पानं आखडतात, त्यावर तांबूस खरड दिसते. दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्डा जत्रेपर्यंत फुलांचा खरा बहर असतो. थंडीत पहाटे पारा १५ च्या खाली गेला तर काचेला टेकलेली कुंडी रात्रीपुरती आत सरकवा.

पानापासून रोप करायचं तर जुलै-ऑगस्ट गाठा. सगळ्यात बाहेरचं जून पान नको, गाभ्याजवळचं कोवळंही नको, मधल्या फेरीतलं घ्या. देठ इंचभर ठेवून नव्या ब्लेडनं तिरका काप द्या, ओलसर मिश्रणात अर्धा इंच खोचा आणि वर पारदर्शक पिशवी घाला. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात, दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी उंदराच्या कानांसारखी पिल्लं दिसतात. पानं रुपयाच्या नाण्याएवढी झाली की वेगळी करा. एक लक्षात ठेवा, पाकळीच्या मधोमध लांब पट्टा असलेल्या चक्रीसारख्या फुलांची जात पानातून तशीच येत नाही. तिला पानाच्या बगलेतून फुटलेलं पिल्लूच काढून लावावं लागतं. इतर जातींत ही बगलेतली पिल्लं दिसताच काढून टाका. एका कुंडीत एकच गाभा असला तरच घेर गोल राहतो.

आपल्याकडची धूळ पानांवरच्या लवेत अडकते. चित्रकलेचा मऊ ब्रश घेऊन देठाकडून टोकाकडं झाडा. देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसा. पाकळ्यांवर पिवळे परागकण सांडलेले दिसले तर फुलकिडे आलेत, सगळी फुलं-कळ्या लगेच खुडून पिशवीत बांधून टाका. गाभा आखडून राखाडी, केसाळ, कडक झाला तर ती डोळ्यांना न दिसणारी कोळी कीड. ते झाड मी वाचवत बसत नाही, टाकून देते. नवीन आणलेली कुंडी महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवायची, नर्सरी कितीही ओळखीची असली तरी.

आणि मुळं कुजलेलं झाड अजून हातात असेल तर: तपकिरी, बुळबुळीत भाग कापत वर या. कापलेला भाग आतून पांढरट-हिरवा दिसला की थांबा. बाहेरच्या दोन फेऱ्या पानं काढा, उरलेला शेंडा सावलीत तासभर सुकू द्या, कोरडसर नव्या मिश्रणात बसवा आणि पिशवीत झाकून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. महिनाभर पाणी विचारू नका. काढलेल्या पानांतली दोन-तीन चांगली बघून तीही शेजारी खोचून ठेवा.